खालची पेटी

बावीस वर्षं अंतराळात रोपं वाढवण्याच्या प्रयोगांत गेली, तरी ताईच्या जिवाला खरा घोर एकच होता, धाकट्या बहिणीचा. धाकटी वर यानात होती, ताईचीच गव्हाची पेटी सांभाळत. तिच्या जोडीची पेटी खाली पृथ्वीवर ताईच्या खोलीत, खोलीची किल्ली ताईच्या गळ्यात. नियम साधा. वरच्या पेटीला जेवढा उजेड, पाणी, गारवा मिळेल, तेवढाच खालच्या पेटीला बरोबर दोन दिवसांनी द्यायचा. मग फरक उरला तर तो फक्त वजन नसण्याचा. खालच्या पेटीला सगळे गमतीने नक्कलखोर म्हणायचे.

सोमवारी खालच्या चौथ्या रोपाने मान टाकली. वरचं ठणठणीत होतं. बुधवारी वरचंही पडलं. तारखांचा घोळ आपलाच, वय झालं, दुसरं काय, असं ताईने स्वतःला बजावलं. पुढच्या आठवड्यात खाली सातव्याच्या पानावर डाग पडला. दोन दिवसांनी वर तोच डाग, त्याच पानावर.

गुरुवारी सकाळी तिने खोली उघडली. चौदाही रोपं एका रात्रीत चिपाड झाली होती. असं वाळणं तिने एकदाच पाहिलं होतं, पेटीतली हवा मुद्दाम काढली होती तेव्हा. यंत्रं मात्र सगळं ठीक दाखवत होती.

तिने वर संपर्क लावला. धाकटी हसली. "ताई, इथे सगळं हिरवंगार आहे. शनिवारी पेटीशेजारच्या खिडकीजवळ साफसफाईची पाळी माझीच आहे, तेव्हा पेटी नीट बघते."

"शनिवारी तू तिथे जायचं नाहीस."

"का गं?"

ताई संपर्क तोडून तडक मोहिमेच्या साहेबांकडे गेली.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, प्यायला पाणी दिलं. चौदा रोपांपायी यानातली खोली बंद ठेवता येत नाही म्हणाले. पुरावा आणा, मग बघू.

ती खोलीकडे परतली. कुलूप जसंच्या तसं होतं. दिवा तिरपा धरून तिने पेटीची काच न्याहाळली.

काचेवर बाहेरून हाताचा ठसा होता. करंगळी वाकडी.

धाकटीची ती करंगळी लहानपणी ताईच्याच हातून दारात चेंगरली होती.

बोटं आधी काचेवर घट्ट रोवलेली होती. मग एकेक करून सुटत, यानात पेटीच्या ज्या बाजूला खिडकी होती, त्या बाजूला ओढत गेलेली.