झुकलेल्या पापण्या

नवरा गेल्यावर कितीतरी महिन्यांनी तिने त्याच्या चित्रांच्या खोलीचं कुलूप काढलं, ते अगदी साध्या कामासाठी. तिला स्वतःचं चित्र काढायचं होतं.

नवरा नावाजलेला चित्रकार होता. म्हणजे नाव त्याचं आणि हात तिचा. सुरुवातीला ती नुसत्या कपड्यांच्या चुण्या आणि मागचे पडदे रंगवायची. मग त्याची बोटं थरथरायला लागली, तसे चेहरेही तिच्याकडे आले. त्याच्याकडे उरली ती सही. सही मात्र तो शेवटपर्यंत झोकात ठोकायचा. तेवढ्यापुरता हात कसा कापत नसे, देव जाणे.

आता तो नव्हता आणि संग्रहालयात त्याच्या नावाचं दालन होणार होतं. ती सरळ तिथे गेली आणि सांगून आली, शेवटची सगळी चित्रं माझी आहेत. तिथला पारखी सज्जन माणूस, हसला नाही. म्हणाला, "आरशात बघून स्वतःचं चित्र काढा, बाई. तिथे दुसरा कुणी कामाला येत नाही. मग हात ताडून बघू."

हे कळल्यावर नणंदेने घर डोक्यावर घेतलं.

"दादा होता तोवर मूग गिळून बसलीस ना, वहिनी? आता त्याच्या नावाला काळं फासतेस?"

"काळं कशाला, ताई? मला फक्त माझं नाव हवंय."

"नाव! त्याच्यामुळे ओळखतात लोक तुला."

तिच्या पोटात इतकी वर्षं साचलेलं कडू बोलण्यातून बाहेर येण्यासारखं नव्हतंच. तिने खोलीत जाऊन दार लावलं, खिडकीजवळ उंच आरसा ओढला आणि त्याच्याशेजारी कॅनव्हास उभा केला. बंद खोलीत टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा जुना वास तुंबला होता. त्यात त्याच्या तंबाखूचाही वास होता, पण तो भिंतींना लागलेला असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

आरशात बघून काढलेल्या चित्रात नजर समोर असते. त्याला इलाज नाही. आपले डोळे बघायचे तर आपल्याच डोळ्यांत बघावं लागतं. मान खाली घालून काम करताना आपण कसे दिसतो, ते आपल्याला कधीच दिसत नाही. ते समोर बसलेल्यालाच दिसतं. तिला तर समोर बघणारीच नजर हवी होती. लग्नानंतर नवऱ्याने तिची पुष्कळ चित्रं काढली होती, आणि दर वेळी तो एकच सांगायचा, "वर बघू नकोस. तुझी नजर चित्रात खुपते."

खुपू दे, म्हणत तिने डोळे आधी रंगवले. चांगले टक्क उघडे आणि थोडे भांडखोर. संध्याकाळी दार लावून किल्ली कमरेला खोचली.

सकाळी चित्रातली बाई खाली बघत होती.

तिला आधी नणंदेचा संशय आला. पण नणंदेला पेन्सिल धड धरता येत नसे, आणि या पापण्या तर इतक्या सुरेख उतरल्या होत्या की तिला स्वतःलाही हेवा वाटावा. आपणच थकून भलतंच काही केलं असेल, म्हणत तिने त्या खरवडून काढल्या आणि पुन्हा डोळे रंगवले. काम करताना खोलीत ब्रशचा खर्र... खर्र... आवाज होत होता. मध्येच ती थांबली.

आवाज थांबायला जरा उशीर झाला.

ती मोठ्याने म्हणाली, "हे चित्र माझं आहे." तिने भराभर कपड्यांवर शेवटचे हात मारले, चित्रावर कापड टाकलं आणि पारख्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी तो आला. नणंद दारात हाताची घडी घालून उभी राहिली. इकडे तिने चित्रावरचं कापड ओढलं आणि चित्राकडे न बघता पारख्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचा चेहरा खुलला, आणि मग हळूहळू कसनुसा झाला.

"अप्रतिम आहे... पण बाई, आरशात बघून काढलेल्या चित्रात मान खाली कशी असेल? हे कुणीतरी तुमच्या समोर बसून काढलंय."

तिने वळून बघितलं. चित्रातली बाई पुन्हा खाली बघत होती.

"रंग ओला आहे," ती कशीबशी म्हणाली. "कालचाच आहे... हात लावून बघा."

त्याने जपून पापणीवर बोट टेकवलं. "कडक आहे. बारीक भेगा पडल्यात. वर्षं लागतात असं व्हायला." मग त्याने खाली बोट नेलं. बोटाला निळा रंग लागला. "कपडे तेवढे ओले आहेत. ते तुम्ही केले असतील."

ते शब्द त्याने मायेने उच्चारले होते, आणि तिला तेच सोसवलं नाही. दारातून नणंद हलक्या आवाजात म्हणाली, "दादा तुला असंच बघायचा गं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पारखी रुमालाने बोट पुसत निघाला, तशी नणंद त्याला पोचवायला गेली.

ती एकटी उरली. रागाने तिचे कान तापले होते. मेल्यावरही याला एक चेहरा सोडवत नाही! तिने तरातरा जाऊन आरशासमोर मान ताठ केली आणि डोळे रोखून बघितलं.

आरशातल्या बाईची मान खाली होती.

"वर बघ," ती म्हणाली. "अगं... वर बघ ना..."

आरशात पापण्या थरथरल्या, किंचित उचलल्या गेल्या. आणि समोर बसलेल्या कुणीतरी दटावल्यासारख्या पुन्हा खाली गेल्या.