उघड्या दाराचा नियम

लिफ्टचं दार उघडलं आणि तिला आधी दिसली ती पाळणाघरातली चिमणी, रडून लाल झालेली. मग दिसला तो. गुडघ्यावर बसून चिमणीच्या बुटाची नाडी बांधणारा एक लांबलचक माणूस.

"कोण तुम्ही?" हातातला धुतलेल्या चादरींचा गठ्ठा खाली टाकून तिनं चिमणीला जवळ ओढलं. "हिला हात लावायला कुणी सांगितलं?"

"नाडीनं," तो उठत म्हणाला. उठत... उठत... अजून उठतच होता. "सुटली होती हो, पडली असती पोर. मी आजपासून कामाला आहे इथं. पाळणाघरात."

"पाळणाघरात? तुम्ही?"

"मालकीणबाईंना चाललं. बाळांना विचारायचं राहिलंय."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला.

कचेऱ्यांच्या त्या उंच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पाळणाघर होतं. आईबाप वर कामाला, पोरं खाली. पाळणाघराचा सगळा कारभार तिच्याकडे. सगळे तिला टीचर म्हणत. दुपारपर्यंत पोरांनी नव्या माणसाचं नाव उंट ठेवलं आणि त्याच्या पाठीवर बसून खोलीभर फेऱ्याही मारल्या.

संध्याकाळी तिनं त्याला नियम सांगितला. तिनंच केलेला. पुरुष निजायच्या खोलीत असेल तर दार सताड उघडं. आणि बाळांचे ओले कपडे बायकाच बदलणार.

"बरं," तो म्हणाला. एवढंच. पण कानाची पाळी लाल झालेली तिला दिसली.

मग ते सुरू झालं. ती जेवायला बसली की आतून हाक, "टीचर, ओला!" ती फोन घेते तोवर, "टीचर, ओली!" ती आणि मदतनीस मावशी धावायच्या, पुसायच्या, बदलायच्या. आणि उंट? उंट पाळण्याशी बसून गात असायचा.

*वारा हिंडे दारोदारी, त्याला निजायला जागा नाही,*
*माझ्या चिमणीच्या डोळ्यांत थोडी जागा उरली बाई...*

गळा असा की पोरं तर निजायचीच, पण चादरी घडी करता करता तिचीच बोटं रेंगाळायची. शेवटी एकदा बाटल्या धुताना ती भडकली.

"सगळं ओलं काम बायकांनी करायचं आणि पुरुषांनी गाणी म्हणायची! याच्याचविरुद्ध मी कॉलेजात घसा फोडून भाषणं केलीत."

"नियम कुणी केला?"

"...मी."

"मग झालं तर."

"झालं कसं? भीती काय मी घरी बसून विणली? ज्या पुरुषांनी ती पेरली..."

"त्यांत मी नव्हतो, टीचर. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा मला का?"

ब्रश बाटलीत तसाच राहिला. "मी रोज बसस्टॉपपासून घरापर्यंत किल्ल्या मुठीत धरून चालते. मी कुठला गुन्हा केलाय?"

नळ वाहत होता. त्यानं तो बंद केला.

"कुठलाच नाही," तो हळूच म्हणाला. "मग आपण दोघं एकाच कोठडीत आहोत की. निदान शेजारी तरी..."

"अहो, बाटल्या पुसा!"

"भांडा, भांडा," मावशी दारातून म्हणाल्या. "तुमचं सुरू झालं की पोरं गाढ झोपतात. रेडिओच जणू."

भांडणं रोजचीच झाली. बापाची रजा, आईचा पगार, पोरांची ओढाताण, घरात वाकायचं कुणी... काही सुटायचं नाही. तो हरला की खुशाल हसायचा. ती हरली की दिवसभर धुमसायची आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन जरा लवकरच यायची. का लवकर, ते स्वतःलाही सांगायची नाही. एकदा त्यानं बोलता बोलता सांगितलं, की बहिणीच्या रात्रपाळीच्या नोकरीमुळे तिची जुळी त्यानंच वाढवली. "भाऊजी म्हणायचे, बायकी काम. असेल. पण मला हेच येतं, टीचर. दुसरं काही धड येत नाही."

त्या दिवशी वारा नुसता उधळला होता. मावशी रजेवर. गच्चीवरच्या चादरी उडाल्या म्हणून ती वर पळाली, आणि एक चादर टाकीच्या शिडीत अडकली ती निघता निघेना.

खाली आली तर चिमणी निजायच्या खोलीच्या दारात उभी. फ्रॉक ओलाचिंब, ओठ थरथरत. तिच्यासमोर हात मागं बांधून उंट, हाका मारून बसलेल्या आवाजात अजूनही म्हणत होता, "आल्या हं टीचर... आल्याच..."

"अहो, बदलायचे ना कपडे! गारठली की ती!"

"आणि बदलले असते तर?"

ती उत्तर देणार, तोच मागून चिमणीचे वडील आले. "पोरगी कुडकुडतेय आणि हा पुतळ्यासारखा उभा! माणूस आहे की कोण?" आणि त्याच दमात, "याद राखा, यानं कपडे बदलले असते ना, तर मी याला सोडला नसता!"

उंटानं मान खाली घातली. एवढा उंच माणूस, पण तेव्हा चिमणीएवढा दिसला.

शनिवारी पालकांची सभा ठरली. वडिलांचं एकच म्हणणं, हा जाईल नाहीतर पोरं जातील. मालकीणबाई म्हणाल्या, "टीचर, तू म्हणशील ते."

आणि तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बसावं तर उठावंसं वाटे, उठावं तर कुठं जावं कळेना. त्याला ठेवायचा तो न्याय म्हणून... की ते गाणं थांबू नये म्हणून? उद्या हाच उंट बुटका, बेसूर, खडूस असता तर ती भांडली असती? स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून ती दमली. मग चिमणीचे थरथरणारे ओठ आठवले आणि तेवढ्यापुरतं मन ठाम झालं.

सभेत ती उभी राहिली. "नियम मी केला होता. तो मी बदलतेय. यापुढे बाळाचे कपडे बदलताना दोन मोठी माणसं हजर हवीत. दार उघडं. बाई असो, पुरुष असो... मीसुद्धा एकटी बदलणार नाही."

"तुमच्यावर कोण संशय घेतंय, टीचर?" चिमणीचे वडील म्हणाले.

"कुणी घेत नाही, तेच चुकतंय. बाई दिसली की आपण डोळे मिटतो, पुरुष दिसला की वटारतो. बाळाला लागतात ते नुसते उघडे डोळे."

"आणि बाप लोकांनीपण एकेक दिवस यावं बदलायला," मागून एक आई म्हणाली. हशा पिकला. वडील पुटपुटले, "बघू..." आणि चिमणीला काही त्यांनी पाळणाघरातून काढलं नाही.

सोमवारपासून मात्र पंचाईत झाली. मावशींच्या गुडघ्यांना दुखायला नेमका तेव्हाच मुहूर्त लागला, आणि प्रत्येक ओल्या बाळाशी दोघंच... हात एका डब्यात, मान एका बाजूला. पावडरीचा वास. कोपराला कोपर. तो आता अगदी नेटकं बदलायचा आणि ती उगाचच दुपट्याचं टोक पुन्हा सरळ करायची. दिवसभर छातीत एक पाखरू फडफडे. घरी गेलं तरी फडफडे.

"टीचर, आठवडाभर भांडला नाहीत. बरं नाही का?"

"मला बोलता येत नाही," ती बाळाकडे बघत म्हणाली.

"तुम्हाला?"

"तुम्ही माझ्या हाताखाली आहात. तुमची नोकरी माझ्या एका शब्दावर... असा कुणी साहेब हाताखालच्या बाईला काही बोलला असता, तर पहिली मी ओरडले असते. ती नाही म्हणणार कशी? तुम्ही तरी कसे म्हणणार?"

तो खूप वेळ दुपट्याची पिन लावत राहिला. एकच पिन.

"नाही म्हणायची मोकळीक आहे मला?"

"आहे," ती म्हणाली.

"मग आत्ता नाही. इथं नाही." त्यानं बाळ तिच्या हातात दिलं. "रविवारी विचारा. रविवारी मी कुणाच्या हाताखाली नसतो."

रविवारी ती ठरल्या जागी, तळ्याकाठी, वेळेआधीच जाऊन उभी राहिली. बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. पाण्यावर वारा एक लाट धड टिकू देत नव्हता. तो येताना दुरूनच दिसला, दिसणारच. आणि त्याची पावलं लांब असूनही रस्ता सरता सरेना.

"आधी एक सांगते," तो टेकायच्या आतच ती म्हणाली. "मालकीणबाईंना सगळं सांगितलंय. तुमचं काम आता मावशी बघणार. पगार, रजा, सगळं. तेव्हा नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही, आणि हो म्हणालात तरी मी रोज भांडणारच, आणि घरचं ओलं काम निम्मं—"

"हो."

"अहो, मी अजून विचारलं नाही!"

"मग विचार ना," तो म्हणाला. "मला परत म्हणायचंय."