सात दिवस खिडकी बंद

आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. मार्चचं ऊन मी म्हणत होतं. तरीही केदारखेड्यातल्या त्या नव्या घराच्या फाटकात पाय ठेवल्याबरोबर तृप्ती चिंब भिजली, आणि याला सर्वस्वी राधेश्याम जबाबदार होता.

तो गच्चीवर उभा राहून जिन्यावरच्या ताज्या स्लॅबला पाणी मारत होता. हातात पाइप, कानाला मोबाइल, लक्ष तिसरीकडेच. पाइपाचं तोंड कठड्याबाहेर कधी गेलं ते त्याला कळलंच नाही. खालून "अहो!" ऐकू आलं तेव्हा त्याने वाकून पाहिलं. पिवळ्या ओढणीतली एक मुलगी कसलासा डबा छातीशी धरून त्यावर वाकून उभी होती. आपण भिजलो तरी चालेल, पण डब्यावर थेंब पडता कामा नये, असा तिचा एकूण पवित्रा.

"खाली माणूस हाय, दिसत न्हाई का हो?"

"दिसलं असतं तर..." राधेश्यामने जीभ चावली. दिसलं असतं तर पाइप आधीच हातातून गळून पडला असता, हे काही पहिल्या भेटीत सांगता येत नाही. "सॉरी मॅडम. डब्यात काय हाय? मिठाई?"

"मीटर आहे. भिजलं असतं ना, तर तुमची गच्ची विकावी लागली असती भाऊ!"

भाऊ! राधेश्यामला वाटलं, मीटर भिजलं असतं तरी चाललं असतं, पण हा शब्द नको होता.

तो एकोणतीस वर्षांचा. घरं बांधायचा ठेका घ्यायचा. पंचक्रोशीत त्याच्या हातची अकरा घरं उभी होती, बारावं हे त्याचं स्वतःचं. आई झुंबरबाईने त्याला चार शब्द सुनावले, पोरीला टॉवेल दिला आणि चहा टाकला. चहा पिता पिता कळलं ते असं: मुलगी तृप्ती, बदनापूरची. रोज सकाळच्या रेल्वेने जालन्याला कॉलेजात जाते. तिथले सर नव्या घरांमधला रेडॉन मोजून राहिलेत, आणि ती त्यांची सहायक. आज खरं तर तिला समोरच्या तातेरावांकडे जायचं होतं, पण तातेराव लग्नाला गेलेले, दाराला कुलूप.

"रेडॉन म्हंजे गॅस," तिने सांगितलं. "जमिनीतून येतो. रंग नाही, वास नाही. फरशीखालच्या फटींतून घरात शिरतो आणि बंद घरात साचतो. आजच्या आज काही होत नाही, पण वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाला धोका. कॅन्सरचा."

"माझ्या घरात गॅस? मॅडम, माझ्या खिडकीतून मुंगी शिरायची न्हाई!"

"तेच तर," तृप्ती हसली. "आलेला बाहेर कुठून जाणार?"

हसताना तिच्या डाव्या गालावर ओले केस चिकटलेले होते... ते तिने बोटाने बाजूला केले, आणि तो आपला चहाच्या कपात बघत बसला.

"पोरी, मंग मागची खोली बघ बरं," झुंबरबाई मध्येच म्हणाल्या. "माझी लेक वंदना येणार हाय बाळंतपणाला. पहिलटकरीण हाय. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं न्हाई. सव्वा महिना त्या खोलीची खिडकी उघडायची न्हाई, आन् नंतर मी बी नातवाला घेऊन तिथंच निजणार."

तृप्तीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिने कप खाली ठेवला.

"मग मीटर तिथेच ठेवते. सात दिवस खिडकी बंद ठेवायची. आकडा शंभरच्या आत आला तर छान. तीनशेच्या वर गेला तर मात्र इलाज करावाच लागेल, भाऊ."

*

दुसऱ्याच दिवशी राधेश्याम सहज खोलीत डोकावला. मीटरवर आकडा होता चारशे दहा.

त्याला लगेच आठवला तो जुना आड. याच खोलीखाली आजोबांच्या वेळचा कोरडा आड होता. त्याने त्यात दगडगोटे टाकले, मुरूम दाबला आणि वर फरशी घातली. वरून कसं आरशासारखं दिसत होतं! आतलं कोणाला दिसणार होतं?

आपला राधेश्याम वाईट माणूस नव्हता. पण आपलं पोर आणि आपलं बांधकाम यांच्याबद्दल वाईट ऐकून घ्यायला फार मोठं काळीज लागतं. गावभर बोभाटा होणार की ठेकेदाराच्याच घरात विषारी वायू. आणि त्या मुलीसमोर आपली काय पत राहणार? त्याने खिडकी उघडली. मग रोजच उघडत गेला. पहाटे उघडायची, रात्री निजताना लावायची. आकडा शहाण्यासारखा खाली आला.

सातव्या दिवशी तृप्ती आली. सरासरी आली होती ऐंशीच्या घरात. तिचा चेहरा असा उजळला, जशी काही तिचीच बहीण बाळंतपणाला येणार होती.

"मी उगाच घाबरत होते! काय छान घर बांधलंय हो. इथे फक्त सही करा." कागदावर लिहिलं होतं, 'चाचणीच्या काळात खिडक्या बंद होत्या: हो / नाही.'

राधेश्यामने 'हो'वर खूण केली. सही केली.

"बरं भाऊ, येते. आता परत यायचं काम नाही."

ती गेली. घर पास झालं होतं, आणि राधेश्यामला आपण नापास झाल्यासारखं वाटत होतं. तिचं जाणं एकीकडे खुपत होतं, आणि दुसरीकडे तो आकडा. दोन दिवसांनी झुंबरबाई मागच्या खोलीच्या खिडकीवर जाड वाकळ टांगताना दिसल्या. "आता बघ," त्या कौतुकाने म्हणाल्या, "बिलकुल वारं येत न्हाई."

चारशे दहा, एवढंच त्याला ऐकू आलं.

*

बदनापूरच्या स्टेशनवर सकाळची गाडी यायला दहा मिनिटं होती. तृप्ती बाकावर बसून डब्याची पिशवी सावरत होती. समोर राधेश्याम येऊन उभा राहिला, तेव्हा ती आधी हसली.

"तुम्ही इकडं कुठं?"

"मॅडम... त्या खिडक्या." "उघडल्या होत्या मी. रोज. चारशे दहा आल्ता आकडा. भ्यालो मी. खाली आड बुजवलेला हाय."

तृप्तीने पिशवी बाजूला ठेवली. बोलली तेव्हा तिच्या तोंडचं कॉलेजातलं मराठी पार पुसून गेलं होतं.

"मी सरांना छातीठोक सांगितलं, ते घर चांगलं हाय म्हणून. त्या खोलीत लेकरू निजणार होतं ना हो? मीटर तासातासाचा आकडा लिहून ठेवतं, माहितीय? एक बार नजर टाकली असती तर कळलं असतं मला. पण न्हाई टाकली. तुम्ही 'हो' म्हणले, मंग बघायचं कशाला, असं वाटलं मला."

गाडीची शिट्टी वाजली. ती उठली.

"वंदनाताई कधी येणार?"

"गुरुवारी."

"वरच्या खोलीत ठेवा त्यांना. खिडकी उघडी ठेवून. मी उद्या येते." गाडी लागल्यावर दाराशी जाऊन तिने मागे पाहिलं. "मीटरसाठी."

गाडी हलली. या सगळ्यात तिने एकदाही भाऊ म्हटलं नव्हतं. पण राधेश्यामला त्याचा आनंद काही झाला नाही. आता आपण भाऊ म्हणायच्याही लायकीचे राहिलो नाही, असंच त्याला वाटलं.

*

ती आली. चहाला नाही म्हणाली. बंद खोलीत पुन्हा मोजलं, तर आकडा चारशेच्या पुढेच. मग कागदावर आकृती काढून तिने समजावलं: फरशीला भोक पाडायचं, खाली खड्डा करून खडी भरायची, त्यातून चार इंची पाइप थेट गच्चीच्या वर न्यायचा आणि त्याला छोटा पंखा बसवायचा. गॅस खोलीत यायच्या आधीच बाहेर. फरशीच्या कडेच्या फटीही बुजवायच्या.

"वास्तुशांती झालेलं घर उकरतो का रे?" झुंबरबाई कडाडल्या. "आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरलेला हाय!"

"मावशी, आपण समोरच्या कोपऱ्यात पाडू," तृप्ती शांतपणे म्हणाली. "आणि ऐका ना, पाइप बसला की खिडकी बंद ठेवली तरी चालेल. बाळंतिणीला वारं लागायला नको, आणि गॅसही नको."

झुंबरबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. आजवर शिकलेलं जे कोणी भेटलं, त्याने त्यांना खिडकी उघडायलाच सांगितलं होतं. "राधे," त्या म्हणाल्या, "जल्दी पाड बाबा ते भोक."

ज्या फरशीवर राधेश्यामने कोणाला चपला घालून चालू दिलं नव्हतं, ती त्याने स्वतःच्या हाताने फोडली. गडी होते, पण त्याने कोणाला हात लावू दिला नाही. घामाने निथळत तो खड्ड्यातला मुरूम काढत होता, तेव्हा कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. तृप्ती होती.

"फरशी चांगली होती," ती म्हणाली.

"वरून चांगली होती."

त्या दिवशी जाताना तिने चहा घेतला, आणि अर्धा कप जास्तीचा मागून घेतला.

काम संपल्यावर पुन्हा मीटर ठेवलं. पुन्हा सात दिवस खिडकी बंद. त्या आठवड्यात तृप्ती गावात दोन-तीनदा येणार होती, तातेरावांकडे आणि खालच्या आळीत. राधेश्यामच्या घरी मात्र तिचं काही काम नव्हतं. आणि एसटीचा थांबा दिसायचा तो नेमका मागच्या खोलीच्या खिडकीतून, तीही उघडली तरच. वाकळ सारली तरी खिडकीच्या दुधी काचेतून नुसता उजेड यायचा.

*

सातव्या दिवशी तृप्तीने तोच कागद पुढे केला. वरच्या मजल्यावर वंदना वाट बघत होती, जिन्यात झुंबरबाई उभ्या होत्या. खिडक्या बंद होत्या: हो / नाही. पेन हातात घेऊन राधेश्याम थांबला. 'हो'वर एक खूण केली की बहीण आज खाली येणार होती. 'नाही' म्हटलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि ही पोरगी या वेळी कायमची तोंड फिरवणार.

त्याने 'नाही'वर खूण केली.

"मंगळवारी साडेचारला उघडली होती. गुरुवारी बी. आन्... शनवारी जरा जास्तच वेळ."

"का?"

"एसटी बघत होतो. शनवारी लेट होती, त्याला मी काय करू?"

"एसटी गच्चीवरून दिसत नाही?"

"दिसती ना. पण गच्चीवर उभा राह्यलो असतो तर..." त्याने मान खाली घातली, "तुम्हाला मी दिसलो असतो."

तृप्तीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. तिने दुपारीच मीटरमधून उतरवून घेतलेली तासातासाची रेघ होती ती. रेघ सरळ चाललेली आणि मध्येच तीन ठिकाणी खाली वाकलेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तिन्ही वाकणांना लाल पेनाने गोल केलेले.

"या वेळी बघितलं मी," ती हळूच म्हणाली. "तुम्ही काय लिहिता, तेवढंच पाहायचं होतं. 'हो' लिहिलं असतं ना... तर फार वाईट वाटलं असतं मला."

"मंग आता? घर नापास?"

"घर पास. बावन्न. खिडकी बंद असलेले तासही साठच्या आतच आहेत. वंदनाताईंना आजच खाली आणा."

जिन्यात झुंबरबाईंनी हात जोडले आणि "वंदे!" अशी हाक मारत त्या वर धावल्या. राधेश्यामचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या कासावीसही झाला.

"म्हंजे आता परत यायचं काम न्हाई तुम्हाला."

"असं कसं? चाचणी नियमाने कुठे झाली? परत घ्यावी लागणार." तिने कागदाच्या तळाशी शेरा लिहिला. अक्षर जरा वाकडं आलं.

"तृप्ती," तो म्हणाला. मॅडम म्हणायचं राहूनच गेलं. "चाचणी असू न्हाईतर नसू, तुम्ही या. मला तुम्ही लई आवडता. हे बी लिहून देतो पाहिजे तर, बराबर सही करून."

ती लाल झाली. मीटर डब्यात घालायला तिला उगाच फार वेळ लागला.

"सही नको," ती म्हणाली. "तुमच्या तोंडचं खरं वाटायला लागलंय आता. राधेश्याम..." या वेळीही पुढे भाऊ आलं नाही, आणि या वेळी त्याला ते बरोबर ऐकू आलं. "सोमवारी येते मी. साडेचारच्या एसटीने. पण खिडकी उघडून बघायचं नाही हं!"

"मंग कसं बघू?"

"थांब्यावर या की."

सोमवारी मागच्या खोलीत वंदना बंद खिडकीपाशी निवांत झोपली होती, वरच्या पाइपाचा पंखा हलकेच घुमत होता, आणि राधेश्याम साडेतीनलाच थांब्यावर जाऊन उभा राहिला होता.