रोज एकच क्लायंट

सम्यकला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुरियरवाला समजले होते.

मुलुंडला आमचं ऑफिस फरसाणाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. दार अंगठा लावल्याशिवाय उघडत नाही. त्या दारापाशी तो खोका घेऊन उभा होता. मला उशीर झालेला. अंगठा लावता लावता मी म्हटलं, "खोका इथेच ठेवा. सही कुठे करू?"

"सही नको," तो म्हणाला. "खुर्ची मिळाली तर बरं. आजपासून मी इथेच कामाला आहे."

खोक्यात एक मग, एक कॅल्क्युलेटर आणि मनी प्लांटची कुंडी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र हसत होता, आणि हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटत होता. नोव्हेंबरच्या त्या सकाळी हे माझ्या लक्षात यायला नको होतं. आलं, आणि माझी वाट लागली.

आम्ही लोकांच्या टॅक्सचं प्लॅनिंग करतो. सगळं काम एका सॉफ्टवेअरमध्ये चालतं, आणि त्यात कोणाला कोणता क्लायंट दिसेल हे मी ठरवते. लोकांचे पगार, घरं, आजारपणं, सगळं त्यात असतं, म्हणून मी टिक केल्याशिवाय कोणालाही कोणाची फाइल उघडता येत नाही. नवीन माणसाला त्याचे साठ क्लायंट पहिल्याच दिवशी देऊन टाकायचे असतात. दोन मिनिटांचं काम.

मी त्याला एकच दिला.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला तो माझ्या टेबलाशी हजर.

"मॅडम, कालचा झाला. पुढचं दार उघडा."

"एवढ्यात? नीट केलंस ना?"

"तपासून बघ."

"बघणारच आहे. घे, आज कमलकाकू, घाटकोपर. फोनवर तासभर सोडत नाहीत."

"फक्त एकच?"

"एक नीट सांभाळ, मग दुसरी देते."

"आपण क्लायंटबद्दलच बोलतोय ना, दीप्ती?"

मी स्क्रीनमध्ये तोंड खुपसलं. कान गरम झाले होते…

मग ते रोजचंच झालं. अकरा वाजले की खालून शेव तळल्याचा वास यायचा आणि समोरून सम्यक. येताना आईने केलेला शेंगदाण्याचा लाडू आणायचा. कांजूरमार्गहून मुलुंडपर्यंत येता येता त्याचा निम्मा भुगा झालेला असायचा. "हा माझा ॲडव्हान्स टॅक्स," असं म्हणून तो पुडी माझ्या कीबोर्डवर ठेवायचा. मी रागावल्याचं नाटक करायचे आणि एक टिक करायचे. फक्त एक! मोठी फाइल असली तर दोन-दोन दिवस तीच, तरी अकराला काहीतरी विचारायला तो यायचाच. दहा मागितले तर दहा द्यावे लागले असते, आणि मग दहा दिवस तो आला नसता. एवढा साधा हिशेब होता माझा.

मुलुंडला डिसेंबरात खरंच थंडी पडते. डोंगर जवळ आहे ना. चहा घेऊन आम्ही गच्चीवर जायचो. एकदा मी मोरपंखी कुर्ता घातला होता, तर म्हणतो कसा, "हा रंग तुला छान दिसतो… म्हणजे, असं बोलायची परमिशन असेल तर."

"अर्ज कर. बघू."

"तुझ्याकडे अर्ज केला की एका वेळी एकच मंजूर होतो."

तो हसला, मीही हसले. आता वाटतं, तो तेव्हा पूर्ण हसला नव्हता.

आणि तो एक दिवस. सॉफ्टवेअरमध्ये फाइल नुसती बघण्यापुरतीही देता येते. मी लाडात येऊन म्हटलं, "आज फक्त बघायचं हं, हात लावायचा नाही." पुडी सोडता सोडता त्याची बोटं थांबली. "बरं," एवढंच बोलून तो गेला. मला वाटलं, कामाच्या गडबडीत असेल.

फेब्रुवारीत ऑफिसचे मालक श्यामकांत सर यांनी मला आत बोलावलं. "मुलगा हुशार आहे गं, पण वेग नाही. तीन महिन्यांत साठ क्लायंट व्हायला हवे होते. अडतीसच झालेत. त्याला कायम नाही करता येणार, मी सांगितलंय त्याला. शुक्रवारी त्याचा ॲक्सेस बंद कर."

तिथेच तोंड उघडायला हवं होतं मी. "बरं सर," म्हणून बाहेर आले. भित्री कुठली.

दोन दिवस घास गेला नाही. शुक्रवारी सकाळी सरांसमोर जाऊन सगळं ओकून टाकलं. ते चष्म्यावरून बघतच राहिले. "दोन मिनिटांचं काम, दीप्ती…" मग म्हणाले, "जा, थांबव त्याला."

मी धावतच गेले. तो त्याच खोक्यात कुंडी ठेवत होता.

"सम्यक, जाऊ नकोस. मी सरांना सांगितलंय. चूक माझी होती. तुला सगळे क्लायंट पहिल्याच दिवशी द्यायचे असतात. मी मुद्दाम एकेक दिला."

"माहितीये मला," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यातच कळलं. बाजूच्या सुयोगकडे साठ होते."

"मग विचारलं का नाहीस?"

त्याने कुंडीभोवती वर्तमानपत्र गुंडाळलं.

"आधी सांताक्रूझला होतो ना, तिथे विचारलं होतं. तिथे माझं आडनाव कळलं आणि मोठ्या फाइली हळूहळू माझ्याकडून गेल्या. तोंडावर सगळे गोड बोलायचे. तूपण गोडच बोलायचीस. म्हटलं, पुन्हा कशाला विचारायचं?"

'हात लावायचा नाही' म्हणाले होते मी त्याला. हसत हसत.

"नाही रे… तसं नव्हतं. तू रोज यावंस म्हणून. अकरा वाजता, माझ्या टेबलाशी. बाकी काहीच नव्हतं डोक्यात. तू आवडतोस मला. पहिल्या दिवसापासून."

त्याने वर्तमानपत्राची कड कुंडीखाली खोचली.

"हे नोव्हेंबरात सांगायचंस ना यार," तो हळू म्हणाला. "साठच्या साठ दिले असतेस तरी मी रोज आलो असतो गं. लाडू काय टॅक्सचे होते?"

"आणि आता?"

"आता अंधेरीच्या एका ऑफिसला हो म्हटलंय. सोमवारपासून." त्याने खोका उचलला. "तू खरं बोलतेयस, कळतंय मला. पण रोज तुझ्याकडे येताना जे गिळत होतो ना मी, ते असं एका दिवसात नाही उतरत. तुला लाडू आवडायचा, असं सांगतो आईला."

त्याचे दोन्ही हात खोक्यात अडकले होते. दार मीच उघडलं.

सोमवारी त्याच्या जागी जयंती नावाची मुलगी आली. ती पर्स ठेवायच्या आत मी तिला साठच्या साठ क्लायंट देऊन टाकले. त्यानंतर ती एकदाही माझ्या टेबलाशी आलेली नाही. तिचं काही अडतच नाही. अकरा वाजता खालून शेवेचा वास येतो, आणि मी अजून मान वर करून बघते.