गाळलेली नऊ नावं

ते धातू शोधायचं यंत्र दाराशी ठेवा पोरांनो, आणि जरा विस्तवाजवळ सरका. तुलूजहून एवढ्या थंडीत तुम्ही कशाला आलात, ते न सांगताही कळतं. उद्या नाताळची रात्र. सरदारांची शिळा कुठं आहे ते सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या कोंबरूझमधली शेंबडी पोरंसुद्धा दाखवतील. पण आधी ओदीलचं ऐका. मी फुल्क्राँ, ओदील माझी शेजारीण. बत्तीस वर्षं इथल्या शाळेत मास्तरीण होती. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही, म्हणून सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

सन २०१६. डिसेंबरची चोवीस तारीख, शनिवार. संध्याकाळी पाच वाजता ओदील चर्च उघडून शेगडी पेटवायला निघाली होती. आमच्याकडे पाद्री उरलेला नाही. एकाच पाद्र्याच्या गळ्यात तीस गावं, तो बिचारा संध्याकाळी सहालाच शहरात प्रार्थना उरकतो आणि झोपतो. पण आम्ही हट्टी. मध्यरात्रीला आमचे आम्हीच जमतो, आणि ओदील शास्त्र वाचते.

ती घराच्या दाराशी पोचते तोच नवऱ्यानं हाक मारली.

"सगळी वाचशील ना?" रेजिसनं विचारलं.

"दर वर्षी वाचते."

सगळी म्हणजे येशूची वंशावळ. अब्राहामापासून योसेफापर्यंत, चाळीस पिढ्या. जुनी माणसं सांगायची, राजानं टेंप्लर सरदारांना, म्हणजे धर्मयुद्धं लढलेल्या त्या संन्यासी योद्ध्यांना, एका पहाटे धरलं आणि पुढं जाळलं, त्या पहाटेच्या आधी त्यांनी गाडाभर सोनं त्या शिळेखाली घातलं. शिळा वर्षातून एकदाच सरकते. नाताळच्या मध्यरात्री वंशावळ वाचतात, तेवढा वेळ. पहिल्या नावाला उघडते, शेवटच्या नावाला मिटते. हल्ली शहरातले पाद्री ती यादी गाळूनच टाकतात, लोक जांभया देतात म्हणून. मध्यरात्री, पूर्ण, अशी ती आमच्याच गावात उरली होती.

रेजिस एकोणीस वर्षं ते सोनं शोधत होता. मेंढरं विकली, नकाशे घेतले, बोगदे खणले. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही. ज्या गोष्टीला तो आयुष्यभर हसला, तीवरच शेवटी येऊन बसला होता.

"सावकाश वाच," तो म्हणाला. "आणि चर्चचं दार उघडं ठेव. मला शिळेखालपर्यंत ऐकू यायला हवं."

"अरे, उणे सहा आहे बाहेर. म्हातारी माणसं येतात."

"पाच मिनिटं गं! नावं मला पाठ आहेत. जरुब्बाबेल कानावर पडला की असेल ते हातातलं टाकून वर चढायला लागणार. पुढं नऊ नावं उरतात. नऊ नावांत म्हातारा बैलसुद्धा वर येईल." मग जरा थांबून म्हणाला, "एकोणीस वर्षांत तुझ्याकडे दुसरं काही मागितलंय मी?"

मागितलं होतं. पुष्कळ मागितलं होतं. पण ती "बरं" म्हणाली. त्याच्याशी भांडणं तिनं केव्हाच सोडलं होतं. त्याचा रागही येत नव्हता. बंद पडलेल्या घड्याळाकडे घरातली माणसं बघतात ना, तशी ती त्याच्याकडे बघायची.

रात्री दहाला बर्फ थांबलं. पावणेबाराला आम्ही चर्चमध्ये अकरा जण होतो. दार सताड उघडं. शेगडी जळत होती, पण ऊब सगळी बाहेर पळत होती. पहिल्या बाकावर सिदोनी, वय वर्षं एक्याण्णव, दोन शाली गुंडाळून.

"ए मास्तरीणबाई, दार लाव की!" ती ओरडली. "येशू जन्माला येतोय, आम्हाला कशाला पोचवतेस?"

सगळे हसले. ओदीलही हसली. दार मात्र तिनं लावलं नाही.

बारा वाजले. तिनं पुस्तक उघडलं.

"अब्राहामाला इसहाक झाला..."

बाहेर काहीतरी घासलं. जातं ओढावं तसं. जड. आम्ही कुणी मान वळवली नाही. छपरावरचं बर्फ घसरलं असेल, असं मला वाटलं.

"इसहाकाला याकोब झाला..."

ती सावकाश वाचत होती. कबूल केल्याप्रमाणे. दावीद झाला, शलमोन झाला. राजे संपेनात. थंडी बाकांखालून पायांत शिरत होती. बोटं अक्षरांवर होती, पण गारठून बधिर झाली होती. सिदोनीला खोकल्याची उबळ आली. मग खोकला थांबला. ते जास्त वाईट होतं.

"शल्तीएलाला जरुब्बाबेल झाला..."

ओदीलनं मान वर केली. सिदोनीचे ओठ निळे पडले होते.

उघडं दार. बाहेर काळोख. काळोखात साठ पावलांवर शिळा.

ती थांबली.

कुणी खोकलं नाही. कुणी हललं नाही...

मग तिनं बोट पानावरून खाली सरकवलं.

"...योसेफ झाला. जो मरीयेचा पती."

आवाज आला. एकदाच. मोठा नव्हता. पेटीचं झाकण पडावं तेवढा.

मग काहीच नाही.

कुणीतरी उठून दार लावलं. सिदोनीला शेगडीशी नेलं, गरम वाइन पाजली. तिला रंग आला. आम्ही गाणी म्हटली, ओदीलनंही म्हटली. घरी जाऊन तिनं सूप तापवलं, दोन वाडगे मांडले, एक प्यायली, एक झाकून ठेवला आणि झोपली. गाढ झोपली, असं ती स्वतःच सांगते.

उजाडल्यावर ती माझ्याकडे आली. आम्ही दोघं गेलो. बर्फात रेजिसच्या बुटांचे ठसे शिळेपर्यंत गेले होते. परतीचे नव्हते. कंदील काठाला लावून ठेवलेला. आणि शिळेवर वीतभर बर्फ... अख्खं. पाखराचा पायसुद्धा उमटलेला नाही. ती हलली असती तर बर्फ पडलं नसतं का?

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी क्रेन आणून शिळा उचलली. खाली खडक. सलग, पांढरा. सुरी घालायला फट नाही.

लोक म्हणाले, सोनं घेऊन पळाला. बाई असेल कुणीतरी. ओदीलनं कुणाला उलट उत्तर दिलं नाही. आम्हाला वाटलं, धक्का बसलाय. ती रडली नाही. महिन्याभरानं मी तिला म्हणालो, "मनाला लावून घेऊ नकोस. म्हातारी मेली असती. तू दुसरं काय करणार होतीस?"

ती बटाटे सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "दार लावता आलं असतं. नाहीतर ती नऊ नावं वाचता आली असती. पाऊण मिनिट लागत नाही. सिदोनीचं निमित्त होतं, फुल्क्राँ. मला कंटाळा आला होता."

"पण तुला ते खरं थोडंच वाटत होतं?"

"खोटं वाटत होतं असंही नाही. तो म्हणाला होता ते आठवत होतं मला. पण तेव्हा काही वाटलंच नाही." मग तिनं पुढचा बटाटा घेतला. "अजून वाटत नाही. त्याचीच भीती वाटते."

ते पुस्तक चर्चच्या कपाटात कुलपात असतं. किल्ली एकच, ओदीलच्या गळ्यात. पुढच्या नाताळला तिनं कपाट उघडलं आणि मला बोलावून पान दाखवलं. तिनं गाळलेल्यांतलं पहिलं नाव, अबीहूद. त्याच्या शेजारी अंगठ्याचा ठसा. लाल मातीचा. आमच्या पठारावर लाल माती नाही, सगळी पांढरी चुनखडी. लाल माती लागते ती खाली, फार खोल. आणि ठशावर आडवी रेघ होती. लोकर कातरताना रेजिसचा अंगठा कापला होता, तिथं.

त्या वर्षी तिनं सगळी नावं वाचली. एकेक, सावकाश, दार उघडं ठेवून. शिळा हलली नाही.

पुढच्या वर्षी एल्याकीमपाशी ठसा. त्याच्या पुढच्या वर्षी अज्जूर. वर्षाला एक. नाताळच्या रात्री कपाट उघडल्यावरच दिसायचा, त्याआधी कधी नाही. गेल्या वर्षी आठवा झाला, मत्तान. आता एकच नाव उरलं होतं.

हो, होतं म्हणालो.

आज सकाळी मी तिला सरपण द्यायला गेलो. स्वयंपाकघरात टेबलावर दोन वाडगे धुऊन पालथे घातलेले. ती कोटाला ब्रश मारत होती. रेजिसच्या.

"आज कपाट उघडलं," ती म्हणाली. "धूळ पुसायला. एक दिवस आधीच."

चर्चमधून घरी आणलेलं पुस्तक तिनं माझ्यापुढं सरकवलं. याकोबाच्या नावाशेजारी नववा ठसा होता. मी कशाला हात लावतोय... तिनं लावला. लाल झालेलं बोट उचलून मला दाखवलं.

ओलं होतं.