पंधराव्या प्रश्नाची बाई

हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, शिवलीलाक्काच्या बाबतीत. ती सांगत होती तेव्हा माझं लेकरू मांडीवर झोपलं होतं. मी त्याला खाली ठेवलंच नाही.

१९९६. बेंगळुरू, चामराजपेट. महापालिकेची निवडणूक. संध्याकाळी सहाला केबलवर उमेदवारांचा जाहीर वाद होता, आणि प्रश्न लोकांचे. केबल चालवायचे अक्काचे यजमान, कृष्णातभाऊजी; तेच गल्लोगल्ली कॅमेरा घेऊन फिरले. माणसाच्या हातात नंबराची पाटी द्यायची. आधी नाव, मग प्रश्न.

भाऊजींच्या वहीत चौदा नावं होती.

भर दुपारी अक्का केबलच्या खोलीत कॅसेट तपासत होती. मागे गोधडीवर दहा महिन्यांचा निहार झोपलेला. चौदावा प्रश्न संपला. ती बंद करणार, तोच...

पडद्यावर एक बाई.

हातातली पाटी कोरी.

"मी गंगव्वा. गल्लीतल्या गटारावर झाकण कधी बसवणार?"

प्रश्न संपला, तरी बाई हलेना. मग तिनं मान तिरकी केली... अक्काच्या खांद्यावरून मागे बघावं तशी.

"मगू एल्ली?"

बाळ कुठाय?

अक्का वळली.

गोधडी रिकामी. दार उघडं.

ती अनवाणी धावली. निहार रांगत रांगत गटाराच्या काठाशी पोचला होता... एक हात आत. तिनं त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं.

भाऊजी आले. तिचं ऐकून त्यांनी वही पुन्हा चाळली.

"गंगव्वाला मी कसं टिपणार गं? तिचं बाळ दोन वर्षांमागे याच गटारात गेलं. महिन्याभरात तीही गेली."

"मग तिचा प्रश्न पहिला लावा."

"वेडी आहेस?"

"लावा म्हटलं ना!"

सहाला कॅसेट सुरू झाली. घरोघरी नुसता निळा पडदा दिसला. फोनवर फोन. "काय अण्णा, केबल गेली का?"

पण मंचावर उमेदवार जयसिंगराव समोरच्या टीव्हीकडे बघत उठून उभे राहिले. हात जोडले.

"अम्मा, आठ दिवसांत झाकण बसवतो."

निवडणूक व्हायची होती, तरी पदरमोड करून त्यांनी ते बसवलं. मग खोलीवर आले. निहार अक्काच्या कडेवर होता.

"अक्का, त्या बाईच्या कडेवर एक बाळ हसत होतं. कुणाचं?"

अक्काला तर बाईच्या कडेवर कुणीच दिसलं नव्हतं.

"कसं होतं दिसायला?"

ते निहारकडे बघत राहिले... बघतच राहिले.

"हेच की."

निहार आता बापाएवढा उंच झालाय. तरी दुपारी तो झोपला की अक्का त्याच्या नाकाशी बोट धरते.

आणि हल्ली मीही माझ्या लेकराच्या...