पुढच्या डेकवरची झडप

डेकच्या पट्ट्यांसाठी लाकूड आणायला ती स्वतः वखारीत जायची. वखारवाल्यानं पाठवलेल्या मालावर तिचा विश्वास नव्हता. तसा तिचा कुणावरच नव्हता. गल्लीत तिला सगळे छिन्नी म्हणत. हातात कायम छिन्नी असायची म्हणून, आणि जीभही तशीच होती म्हणून. शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती बनवणं हा तिचा धंदा. वर दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि खाली कारखाना. कारखाना कसला, एक लांबट खोली, एक खिडकी आणि एक टेबल.

"फिकट रंगाचं दाखवा. गाठ नको, रेषा सरळ हवी," ती त्या दिवशी म्हणाली. "डेक करायचाय."

"डेक म्हणजे जहाजाची गच्चीच ना?" वखारवाला हसला. "तिच्यावर कोण चालणार आहे बाई?"

"तुम्ही चालून दाखवा, मग वाकडं लाकूड घेते," ती म्हणाली, आणि चार फळ्या परत करून पाचवी घेतली.

हे काम तिनं का घेतलं, हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. महिन्यापूर्वी एक म्हातारा कप्तान काठी टेकत कारखान्यात आला होता. तीस वर्षांपूर्वी बुडालेल्या त्याच्या जहाजाची प्रतिकृती त्याला दिवाणखान्यात ठेवायची होती. जहाजाचं नाव त्यानं उच्चारलं तेव्हा छिन्नीच्या हातातला काचपेपर थांबला. त्या जहाजावर तिचे वडील सुतारकामाचे मिस्त्री होते. चाळीस माणसं होड्यांतून परत आली, एकटे मिस्त्री आले नाहीत. चौकशीत कप्तानानं सांगितलं, की पुढच्या तळखोलीत उतरायची डेकवरची झडप मिस्त्रीनं उघडी टाकली, म्हणून पाणी शिरलं. आणि पाणी शिरल्यावर हा माणूस सगळ्यांच्या आधी उडी टाकून पळाला. प्रेत सापडलं नाही. मग लोकच म्हणायला लागले, कुठल्या तरी बंदरात मजेत असेल. आईनं हे एकवीस वर्षं ऐकलं आणि ऐकता ऐकताच ती गेली.

छिन्नीच्या सासरच्या आडनावावरून कप्तानाला काय कळणार! त्यानं जहाजाचे जुने नकाशे टेबलावर पसरले आणि पुढच्या डोलकाठीजवळ बोट ठेवलं.

"इथं नकाशात एक झडप आहे. ती दाखवू नका. सपाट पट्ट्या मारा."

"का?"

"दिसायला बरं दिसतं."

तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. ज्या झडपेचं निमित्त सांगून हा माणूस सुटला आणि तिच्या बापाचं नाव बुडालं, तीच याला बघवत नाही? तरी तिनं मान डोलावली. याला परत इथं यावं लागेल, एवढाच विचार तिनं केला. डेक होऊ दे, मग बघू.

सांगाडा उभा राहिला. चार फूट लांबीचं जहाज, आत उभ्या फासळ्या, फासळ्यांच्या मधे पोकळी. मग डेक. काडेपेटीतल्या काडीहून जरा रुंद अशा पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीच्या कडेला काळा दोरा चिकटवायचा, म्हणजे खऱ्या जहाजावरच्या डांबरासारखी रेघ दिसते, आणि एकीला एक भिडवत नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागे यायचं. तिनं ती मधाच्या रंगाची जमीन दोन दिवसांत बसवली. झडपेची जागाही झाकली, सांगितल्याप्रमाणे सपाट.

तिसऱ्या दिवशी जेवून खाली आली तर पुढच्या डोलकाठीजवळच्या पट्ट्या उचकटलेल्या. इकडेतिकडे नाही, नेमका चौकोन. अंगठ्याच्या नखाएवढा.

"सरस भिकार दिलाय!" ती तडक दुकानात गेली. सरसवाल्याशी तिचं असं जुंपलं, की बिचाऱ्यानं नवा डबा तिच्या हातात ठेवला आणि दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. तिनं नव्या सरसानं पट्ट्या परत बसवल्या. वर लोखंडी ठोकळा ठेवला. दुसऱ्या दिवशी ठोकळा बाजूला सरकलेला आणि चौकोन पुन्हा वर. बोटांनी चाचपलं तर लाकूड ओलं होतं. तिनं बोट जिभेला लावलं. खारट.

तिसऱ्यांदा पट्ट्या बसवल्या आणि ती तिथून उठलीच नाही. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. बाहेर कुणीतरी चादर झटकत होतं. जहाजाच्या आतून आवाज आला.

टक टक… टक.

फार बारीक. घड्याळासारखा वाटावा एवढाच. पण तिच्या मानेवरचे केस ताठ उभे राहिले, कारण ही ठोक तिला माहीत होती. घरी माळ्यावर काम करताना बाबांना पाणी हवं असलं की ते हातोडीच्या दांड्यानं असंच ठोकायचे. दोनदा, थांबून एकदा. मग ती तांब्या घेऊन शिडीखाली जायची.

टक टक… टक.

डांबराचा आणि कुंद, साचलेल्या पाण्याचा वास आला. तिच्या डोळ्यांदेखत एक पट्टी वर उठली. मग शेजारची. घाबरून तिनं दोन्ही हातांचे अंगठे त्यांच्यावर दाबले. अंगभर जोर लावून दाबले. खालून रेटा येत होता, चिमुकला, पण सोडत नव्हता.

"राहा खाली…" ती पुटपुटली. "राहा म्हणते ना…"

आणि आपण काय करतोय, हे तिला एकदम कळलं. तिनं चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. खालची ठोक थांबली होती. ती भिंतीला टेकली. आधी रडू आलं, आणि रडण्याच्या मागून राग आला, असा की दातावर दात घासले. झडप उघडी नव्हतीच. ती कुणीतरी बंद केली होती. वरून.

त्याच दिवशी तिनं चौकोन नीट कापला, त्याला चौकट केली, केसाएवढ्या तारेची बिजागरी बसवली. नकाशात होती तश्शी झडप. ती उघडीच ठेवून तिनं सगळा डेक घासला, जवसाचं तेल लावलं आणि कप्तानाला निरोप धाडला.

तो आला सोमवारी, सकाळी. खुर्चीत बसला, चष्मा लावला, डेकवरून नजर फिरवली. "वा!" म्हणाला. मग नजर थांबली.

"हे काय?"

"झडप. नकाशात आहे."

"मी सपाट सांगितलं होतं."

"तीनदा केलं सपाट. राहत नाही."

"राहत नाही म्हणजे? तुम्हाला काम येत नसेल तर तसं सांगा!" त्यानं काठी फरशीवर आपटली.

"काम येतं मला. बापाकडनं शिकलेय." छिन्नी टेबलाच्या या बाजूला आली. "तुमच्या जहाजावर मिस्त्री होता तो. पळाला म्हणून लिहून दिलंत ना तुम्ही, तोच."

कप्तानाचा चेहरा पिठासारखा झाला. 

"वर चाळीस जण होते," तो म्हणाला. "पुढून पाणी येत होतं. तो खाली पंपावर होता. म्हणाला, अजून दहा मिनिटं द्या, भोक बुजवतो. दहा मिनिटं नव्हती हो… मी झडप लावायला सांगितली. कुणी पुढं होईना. मग मीच लावली. मीच खिळे मारले."

"तो ठोकत होता?"

कप्तानानं मान हलवली.

"किती वेळ?"

"विचारू नका…"

"किती वेळ?"

"आम्ही होड्यांत उतरलो तरी ऐकू येत होतं."

छिन्नीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण याचा गळा धरू. पण तिचा आवाज उलट खाली गेला.

"चाळीस जणांसाठी बंद केलीत, हे मी एक वेळ समजून घेईन. माझ्या बापानंही घेतलं असतं. पण परत आल्यावर? त्याच्या नावाला काळं का फासलंत? तो तर तुमचं जहाज वाचवत होता!" तिनं ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, त्याच्यापुढं आपटला, वर पेन ठेवलं. "लिहा. आत्ता जे बोललात तेच लिहा."

त्यानं कागदाकडं पाहिलं. "या वयात? माझी नातवंडं शाळेत जातात. त्यांना लोक काय म्हणतील?"

"मीही शाळेतच जात होते तेव्हा."

 तो काठीवर भार देत उठला, टेबलावर वाकला आणि अंगठ्यानं ती झडप बंद केली. दाबून धरली.

"बंदच ठेवा," तो म्हणाला. "वरून पट्ट्या मारा. पुढच्या सोमवारी सून येईल न्यायला."

टक टक… टक.

दोघांनी ऐकलं. पण कप्तानानं अंगठा उचलला नाही. आवाज थांबेपर्यंत तो तसाच दाबून उभा राहिला. मग अंगठा सदऱ्याला पुसला. सदऱ्यावर ओला डाग उमटला. तो मागं न बघता निघून गेला.

छिन्नीनं कारखान्याला कुलूप घातलं. याच्या कामाला आता हात लावला तर हात झडो, असं ती जिन्यावर मोठ्यानं म्हणाली. पूर्ण आठवडा ती खाली उतरली नाही. वर बसून तिनं चौकशीच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. कप्तानाच्या सहीशिवाय तिच्या शब्दाला कोण विचारणार?

सोमवारी तिनं कुलूप काढलं आणि दारातच थबकली. तेलाचा ताजा वास भरून राहिला होता. जहाजाच्या पुढच्या डेकवर झडप नव्हती. बिजागरी नव्हती, चौकट नव्हती. नाळेपासून डोलकाठीपर्यंत पट्ट्या सलग धावत होत्या, काळ्या रेघा ओढल्यासारख्या सरळ. तिनं भिंग लावलं. सांधा सापडेना. एवढं सफाईदार काम तिला कधी जमलं नव्हतं. बोट लावलं तर तेल अजून ओलं होतं.

कप्तानाची सून आली ती एकटीच, न्यायला माणसं न घेता. डोळे सुजलेले, पदर खांद्यावर कसाबसा.

"जहाज न्यायला नाही आले मी," ती म्हणाली. "मामंजींनी इथं काही खाल्लं होतं का? कुणाशी काही झालं का? इथून आले त्या दिवशी खुर्चीत बसले, ते बसलेच आहेत. हात असे…" तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि तळवे वर करून दाखवले, वर काहीतरी असावं आणि ते ढकलावं तसे. "खाली येतच नाहीत. दोघादोघांनी ओढून पाहिलं. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. हनुवटी वर करून, तोंड घट्ट मिटून, नुसते नाकानं श्वास घेतात. आठ दिवस झाले."

छिन्नीच्या मनात आधी आलं, बरं झालं. अगदी मनापासून आलं, बरं झालं. आणि मग तिची नजर टेबलावर तसाच पडलेल्या कोऱ्या कागदाकडं गेली.

"त्यांच्याकडनं मला एक कागद लिहून हवाय. दोन ओळी. सही."

"अहो, हात खाली येत नाहीत म्हणते ना मी! लिहिणार कशानं?" सून रडायलाच लागली.

छिन्नीनं जहाजाकडं पाहिलं. मग तिनं टेबलावरची सुरी उचलली.

"बाबा!" ती जहाजावर ओरडली. सून दचकून मागं सरली. "मला कागद हवा होता, बाबा! आई तेवढ्यासाठी झुरून गेली! त्याला आत कोंडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? उघडा… उघडा म्हणते ना!"

तिनं सुरी डेकमध्ये खुपसली आणि पट्टी उखडली. खाली पोकळी असायला हवी होती. खाली दुसरी पट्टी होती, आडवी बसवलेली. तिनं ती उखडली. खाली तिसरी, उभी. मग चौथी. ती कापत गेली, भुसा उडत गेला, आणि एकेका थराखाली तसाच घट्ट, घासलेला, तेल पाजलेला थर येत गेला, तिनं कधी न केलेला. सातव्या थरात सुरीचं पातं मोडलं.

खोलीत फक्त तिच्या धापांचा आवाज उरला. सून खाली वाकली होती. तिनं फरशीवरचा चिमूटभर भुसा उचलला, तळहातावर घेतला, नाकाजवळ नेला.

"हाच…" ती अगदी हळू म्हणाली. "बाई, हाच. रोज सकाळी मी मामंजींची नखं साफ करते. त्यांत असाच फिकट भुसा भरलेला असतो, लाकूड खरवडल्यासारखा. खोलीत लाकडाची एक काडी नाही, खुर्चीसुद्धा लोखंडी आहे. पुसते, धुते… संध्याकाळपर्यंत परत भरतात." तिनं तळहात मिटला. "आणि कालपासून त्याला तेलाचा वास यायला लागलाय."